बारशाच्या बरगड्या

पुण्यात थंडी पडली म्हणजे आमच्या सोसायटीतले लोक पंखा एकावर आणतात आणि जिन्यात भेटले की म्हणतात, यंदा फारच गारठा आहे बुवा. मी हो म्हणते आणि पुढे जाते. जयपूरच्या जानेवारीत ज्यानं बादलीतल्या पाण्यात हात घातलाय, त्यानं या थंडीबद्दल काय बोलावं!

काल संध्याकाळी वॉचमननं गेटपाशी शेकोटी केली. कुठल्याशा खोक्याच्या फळ्या होत्या. मी गॅलरीतले कपडे काढत होते, तेवढ्यात तो धूर वर आला, आणि हातातला टॉवेल तसाच धरून मी उभी राहिले. लाकडाचा धूर आणि गार हवा एकत्र नाकात गेली की माझ्या तोंडाला पाणी सुटतं. इतर कुणाला धुरानं खोकला येतो, मला भूक लागते. याचं कारण एकच दिवस आहे. जगतपुऱ्यातला, जानेवारीतला, संक्रांत होऊन गेल्यानंतरचा.

त्या दिवसांत जयपूरचं आभाळ रिकामं रिकामं वाटतं. संक्रांतीला सगळं शहर गच्चीवर असतं, पतंगांनी ऊन झाकतं. आणि मग दोन-चार दिवसांनी फक्त विजेच्या तारांवर आणि बाभळींवर अडकलेले फाटके पतंग उरतात. दुकानांत गजकचे, म्हणजे तिळगुळाच्या खुसखुशीत वड्यांचे, ढीग असतात. सकाळी धुकं इतकं, की समोरच्या प्लॉटवरची म्हैस आधी ऐकू येते आणि मग दिसते. दुपारी मात्र असं कोवळं ऊन पडतं की आई सगळ्या रजया गच्चीवर टाकायची आणि स्वतःही त्यांच्यात जाऊन बसायची.

बाबा रेल्वेत फिटर होते. मूळचे बडनेऱ्याचे. बदली होऊन जयपूरला आले आणि तिथलेच झाले. निवृत्तीच्या आधी त्यांनी जगतपुऱ्यात छोटं घर बांधलं तेव्हा तिथं वस्ती अशी नव्हतीच. रेतीचे प्लॉट, मधूनमधून अर्धवट बांधलेली घरं, आणि जिथं काहीच नाही तिथं विलायती बाभूळ. रिक्षावाले तिकडे यायला कुरकुर करायचे. आई म्हणायची, "बाप्पा, तुमी तं आमाले वाळवंटात आनून टाकलं." पण अंगणात तिनं कढीपत्ता लावला, आणि तो जगला, तेव्हा ती गप्प झाली.

त्या हिवाळ्यात आमच्या घरात बोलणं कमी झालं होतं. माझा थोरला भाऊ, सुमेधदादा, याचं लग्न आदल्या वर्षी झालं होतं. पूनम वहिनी त्याच्याबरोबर इंजिनिअरिंगला होती. ती राजपुतांची, आम्ही बौद्ध. लग्न कोर्टात झालं. तिच्याकडून एक मैत्रीण तेवढी आली. तिचे वडील शाळेत खेळाचे शिक्षक होते, मानसरोवरला राहायचे. ती त्यांना बापूसा म्हणायची. त्यांनी मुलीला मारलं नाही, कोंडलं नाही, शापही दिले नाहीत. फक्त बोलणं थांबवलं. वहिनी सांगायची, की तिनं बॅग घेऊन घराबाहेर पाऊल टाकलं तेव्हा ते बुटांना पॉलिश करत होते आणि त्यांनी मान वर केली नाही.

मग वहिनीला दिवस गेले, आणि नोव्हेंबरात, वेळेच्या कितीतरी आधी, बाळ झालं. मुलगी. एवढीशी. काचेच्या पेटीत ठेवलेली, नाकात नळी. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, हिला उचलायचं कसं, हिला तर धरायला जागाच नाही. डॉक्टरबाई रोज एकच वाक्य बोलायच्या, "आज का दिन अच्छा गया।" उद्याचं काही बोलायच्या नाहीत. आम्हीही विचारायचो नाही.

हॉस्पिटलात वहिनीची आई यायला लागली. आधी लपून, मग उघडपणे. येताना त्या बाजरीच्या पिठाची राब आणायच्या, आईच्या शेजारी बाकावर बसायच्या. दोघींना एकमेकींची भाषा अर्धीच कळायची, पण दोघी मिळून एकाच बंद दाराकडे बघायच्या, त्याला भाषा लागत नव्हती. बापूसा मात्र वर आले नाहीत. मी डबा घेऊन जाताना ते मला फाटकाबाहेर चहाच्या टपरीपाशी दिसायचे. स्कूटर स्टँडवर लावलेली, मफलर कानांवरून घट्ट बांधलेलं, पाठ ताठ. बायकोला सोडायचे आणि ती खाली येईपर्यंत तिथंच बसायचे. मी एकदा धीर करून नमस्ते केलं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "बच्ची दूध ले रही है?" मी म्हटलं, "थोडं थोडं... मतलब, थोड़ा थोड़ा।" ते म्हणाले, "हूँ।" आणि चहाचा रिकामा ग्लास परत ओठाला लावला.

बाळ घरी आलं तेव्हा जानेवारी लागला होता. डॉक्टरबाईंनी सोडताना सगळं समजावलं. गर्दी नको, थंडी नको, आणि धूर तर अजिबात नको. छाती अजून कच्ची आहे. आईनं ओवा-बाळशेपाची धुरी द्यायची म्हणून केव्हाच तयारी करून ठेवली होती. तिनं मुकाट्यानं ती पुडी कपाटात सारली. वहिनीनं बाळाला खाटेवर ठेवलं, आणि आम्ही सगळे त्या खाटेभोवती उभे राहिलो. कुणाला काय करावं सुचेना. ती झोपली होती. नळी नाही, यंत्राचा आवाज नाही. नुसता तिच्या श्वासाचा आवाज, आणि तोही कान जवळ नेला तरच. बाबा म्हणाले, "बारसं करू. अन् असं करू का लोक याद ठेवतीन."

वहिनीनं मागं कधीतरी सहज सांगितलं होतं, की बापूसांच्या गावी लग्नकार्यात मांसाला निखाऱ्यावर लवंगेची धुरी देऊन सुले करतात, आणि ते काम बापूसा दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. बाबांनी ते डोक्यात ठेवलं होतं. ते म्हणाले, बरगड्या करायच्या. रस्सा नाही, भाजणं नाही. मंद धुरावर दिवसभर ठेवलेल्या बरगड्या.

"तुमाले येते का थे?" आईनं विचारलं.

"नाही येत. म्हनून तं विचारा लागन कोनाले तरी," बाबा म्हणाले, आणि वहिनीकडे बघून हसले. "पूनम बेटा, मम्मी को फोन लगा के पूछो ना, लकड़ी कौन सी लेना?"

वहिनीच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग तिनं फोन लावला. तिच्या मम्मीसांनी तिकडे खोलीत कुणाला तरी विचारल्याचं ऐकू आलं. मग उत्तर आलं, देशी बाभूळ, वाळलेली. दुसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, दही किती लावायचं? उत्तर आलं, दही कमी, कचरी जास्त. कचरी म्हणजे तिकडच्या रेतीत होणारं रानकाकडीसारखं छोटं फळ. वाळवून कुटून मांसाला चोळलं की मांस मऊ होतं. तिसऱ्या दिवशी तर प्रश्न तिकडूनच आला. मम्मीसा म्हणाल्या, "पूछ रहे हैं, धुआँ निकलेगा किधर से?" बाबांनी वहीच्या पाठीमागं चित्र काढलं आणि वहिनीनं ते फोनवर शब्दांत सांगितलं. आठवडाभर हे चाललं. दोन बाप एकमेकांशी बोलत होते, मध्ये दोन बायका आणि एक टेलिफोन होता, आणि विषय फक्त बरगड्यांचा होता.

आज हे लिहिताना मला हसू येतं, कारण आता त्यांच्यामध्ये कुणीच लागत नाही. मोतीबिंदू, गुडघे, पेन्शन, क्रिकेट, सगळं ते दोघं तासन्‌तास फोनवर बोलतात. आणि जिच्यासाठी हे सगळं झालं ती ओवी आता माझ्या डोक्याच्या वर गेलीय, आणि तिनं मांसाहार सोडलाय. मटणाचं भांडंसुद्धा वेगळं घासायला लावते. दोन्ही आजोबांना हे मुळीच पटत नाही, आणि याही बाबतीत त्यांचं एकमत आहे.

तर ड्रम. बाबांनी भंगारवाल्याकडून तेलाचा एक लोखंडी ड्रम आणला. आधी त्यात जाळ करून आतलं सगळं तेल जाळून टाकलं, घासला, मग आडवा करून कापला, बिजागरी लावून झाकण केलं, आत जाळी बसवली. बाजूला छोटी पेटी जोडली. जाळ त्या पेटीत, आणि धूर तेवढा पाइपातून ड्रममध्ये जाणार. खाली पाय, आणि दोन्ही टोकांना धरायला लांब दांडे. आयुष्यभर रेल्वेचे डबे दुरुस्त केलेला माणूस. तो ड्रम एखाद्या इंजिनासारखा दिसत होता, आणि त्याला रुळांवर ठेवला असता तर कदाचित चाललाही असता.

बारशाच्या सकाळी मटणवाल्याकडून बरगड्या आल्या. एवढ्या बरगड्या मी एकत्र कधी बघितल्या नव्हत्या. मोठ्या परातीत, पातेल्यांत, शेवटी कपडे भिजवायच्या टबातसुद्धा, घासून घासून पुसून. मी आणि आई अंगणात मसाला चोळत होतो. लसूण, लाल मिरची, कचरी, थोडं दही. माझी बोटं दोन दिवस जळजळत होती. आईनं एक गोष्ट आधीच ठरवून टाकली होती: सकाळी वंदना होईल, नाव ठेवलं जाईल, आणि त्या वेळी घरात फक्त खीर-पुरी. "मटनाचं ताट संध्याकाळी. वंदनेच्या येळी मले मसाल्याचा वासबी नाही पाह्यजे." मग बाबांनी ड्रम अंगणाच्या अगदी टोकाला, घरापासून लांब नेऊन ठेवला. हवा घराकडून रस्त्याकडे वाहते आहे ना, हे त्यांनी रुमाल धरून पुन्हापुन्हा पाहिलं. ते वंदनेसाठी कमी आणि बाळासाठी जास्त होतं.

वंदना झाली. तसबिरींना हार घातले. वहिनीनं बाळाच्या कानात नाव सांगितलं, ओवी. मम्मीसा सकाळीच रिक्षा करून एकट्या आल्या होत्या. त्यांनी विचारलं, ओवी म्हणजे काय? आई म्हणाली, आमच्याकडे जात्यावर बायका गातात ते गाणं. मम्मीसा म्हणाल्या, "गाते तो हम भी थे चक्की पर।" आणि त्यांनी तिथल्या तिथं हलक्या आवाजात काहीतरी गुणगुणून दाखवलं. आईला वाटलं, आज एवढं झालं, पुष्कळ झालं. पण बाबांचं लक्ष फाटकाकडे होतं.

बाबांनी जाळ केला आणि पहिल्याच झटक्याला ड्रममधून पांढरा, दाट, डोळे झोंबणारा धूर निघाला. देशी बाभूळ त्यांना मिळाली नव्हती; प्लॉटवरचीच विलायती तोडून आणली होती, आणि ती ओली होती. ते वाकून फुंकर घालत होते. तेवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबली. मागच्या सीटवर पोतं बांधलेलं. बापूसांनी हेल्मेट काढलं, पोतं खांद्यावर घेतलं, सरळ ड्रमपाशी आले आणि म्हणाले, "गीली है। सब कड़वा कर देगी। निकालिए इसको।"

नमस्ते नाही, कसे आहात नाही. बाबाही "आइए, बैठिए" वगैरे काही म्हणाले नाहीत. त्यांनी चिमट्यानं एकेक ओलं लाकूड बाहेर काढलं. बापूसांनी पोतं उघडलं. आत हातभर लांबीची, नीट फोडलेली, खडखडीत वाळलेली बाभूळ होती. थोड्या वेळानं धूर बदलला. पातळ झाला, निळसर झाला, आणि त्याला वास आला, ज्या वासासाठी मी काल टॉवेल धरून उभी होते तो.

मी ट्रेमध्ये पाणी घेऊन गेले. बापूसा म्हणाले, "नहीं बेटा। बेटी के घर का पानी नहीं पीते हम।" आणि त्यांनी डिकीतून स्वतःची बाटली काढून एक घोट घेतला आणि ती परत ठेवली.

तिकडे तशी रीत आहेच. मुलीच्या सासरी आईबाप अन्नपाणी घेत नाहीत. पण मी ट्रे परत आणला तेव्हा आईनं त्या भरलेल्या ग्लासाकडे बघितलं, आणि दादानं बघितलं, आणि आम्हा सगळ्यांच्या मनात तोच प्रश्न आला. ही रीत आहे, की याचं कारण आम्ही आहोत? मम्मीसांनी सकाळी खीर घेतली नव्हती, पोट बरं नाही म्हणाल्या होत्या. बाबांनी आयुष्यात असे ग्लास खूप बघितले होते. बडनेऱ्यातही, जयपुरातही. पण या वेळी न पिणाऱ्याचा हात त्यांच्याच चुलीत लाकडं घालत होता, आणि त्यामुळे रागवायचं तरी कसं हे कुणाला कळत नव्हतं. वहिनी मागच्या खोलीत बाळाजवळ होती. खिडक्या बंद, फटींना चादरी लावलेल्या. बाप अंगणात आहे हे तिला माहीत होतं. ती बाहेर आली नाही, तेही आत गेले नाहीत.

दुपार अशीच गेली. दोघं ड्रमच्या दोन बाजूंना. एक झाकण उघडायचा, दुसरा बरगड्या उलटायचा. बोलणं म्हणजे "ज़रा कम," "अभी रुकिए," "इधर ज़्यादा लग रहा है।"

आणि मग ऊन गेलं. जयपुरात हिवाळ्यात कधीकधी पाऊस येतो, त्याला मावठ म्हणतात. गव्हाला सोनं, माणसाला हुडहुडी. आधी वारा आला. आणि तो उलटा आला. रस्त्याकडे जाणारा धूर एकदम वळला आणि घराकडे, नेमका मागच्या खोलीकडे निघाला.

मी बघत होते, पण मला कळलं नाही. बापूसांना कळलं. मैदानावर ओरडावं तसे ते ओरडले, "बच्ची की तरफ जा रहा है! उठाइए, उठाइए!"

बाबांनी एका बाजूचे दांडे धरले, बापूसांनी दुसऱ्या. लोखंड तापलेलं होतं. मी जाळाजवळ भिजवून ठेवलेली पोती फेकली, ती त्यांनी हातांभोवती गुंडाळली, आणि तो सगळा ड्रम, जाळासकट, बरगड्यांसकट, दोघांनी उचलला. शेजारच्या प्लॉटवर एक अर्धवट घर होतं, नुसते खांब आणि वर स्लॅब, वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला. रेतीत पाय रुतत होते. बाबा म्हणत होते, "धीरे, धीरे, लेफ्ट में गड्ढा है," आणि बापूसा म्हणत होते, "आप अपना पैर देखिए!" दादा आतून धावत आला, पण त्याला धरायला जागाच नव्हती. ते स्लॅबखाली पोचले आणि मागून पाऊस आला.

मी धावत घरात गेले. मागच्या खोलीचं दार हळूच उघडलं. वहिनी बाळाला छातीशी धरून बसली होती. तिनं विचारलं, "काय झालं? बापूसा काहून ओरडले?" आमच्याकडे राहून राहून तिच्या मराठीत आईचे शब्द आले होते. मी सांगितलं. मी खोलीत जोरात श्वास घेऊन पाहिला. धूर नव्हता. नुसता पावडरचा आणि दुधाचा वास. ओवी झोपली होती.

परत गेले तेव्हा ते दोघं विटांच्या थप्पीवर बसले होते, मधे ड्रम. बाहेर पाऊस. मी खांबाला टेकून बसले. बापूसांनी पेटीत लवंगा टाकल्या, थोडं तूप टाकलं, झाकण लावलं, आणि म्हणाले, गावात दादाजींच्या काळी शिकार यायची, तेव्हा सगळी हवेली अशी दरवळायची.

बाबा थोडा वेळ जाळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हमारे घर में भी चूल्हे के ऊपर रस्सी बाँधते थे। मांस की पट्टियाँ सुखाते थे धुएँ पर। चान्या बोलते थे उसको।"

"नमक लगाकर?"

"होता था तो लगाते थे।" बाबा थांबले. "गाँव में जानवर मरता था ना, वो उठाना हमारे लोगों का काम था। उसी का मांस रहता था। मेरी दादी सुखा के रखती थी, बारिश के लिए।"

हे मी कधी ऐकलं नव्हतं. बाबांनी आम्हाला शाळेतले किस्से सांगितले होते, रेल्वेतले सांगितले होते, हे नाही. आणि सांगितलं ते यांना. मला वाटलं, आता हे उठतील. आता हे घड्याळ बघतील आणि म्हणतील, निघतो.

बापूसांनी चिमट्यानं एक लाकूड सरकवलं. मग ते म्हणाले, "हमारे गाँव में भी थे वैसे घर। मैं छोटा था, उधर से निकलता था स्कूल जाते हुए। वो धुएँ की खुशबू आती थी तो भूख लगती थी मुझे। माँ कहती थी, नाक बंद करके निकला कर।" ते ड्रमकडे बघत होते, बाबांकडे नाही. "मैं नहीं करता था बंद।"

बाबा हसले. मोठ्यानं नाही, पण हसले. पाऊस थोडा कमी झाला होता. बापूसा उठले, झाकण उघडलं, आणि त्या धुरात वाकून एक बरगडी पिरगळून पाहिली. हाड मांसातून अलगद सुटलं. त्यांनी तुकडा बोटांवर घेतला, फुंकर मारली, आणि तोंडात टाकला.

मी बाबांकडे पाहिलं. बाबा जाळाकडे बघत होते, अगदी मन लावून, जणू त्यांना काहीच दिसलं नव्हतं.

बापूसांनी नीट चावून खाल्लं. डोळे मिटून. मग म्हणाले, "ब्याईजी, नमक थोड़ा और माँगता है।"

आपण व्याही म्हणतो, तिकडे ब्याई म्हणतात. दिवसभरात त्यांनी बाबांना कशानंच हाक मारली नव्हती.

"हो, हो... हाँ, डालते हैं," बाबा म्हणाले, आणि मला म्हणाले, "जाय ना, मीठ आन."

मी पावसातून धावत स्वयंपाकघरात आले. "आई, मीठ दे. त्यांनी खाल्लं."

"कोनं?"

"बापूसांनी. आपल्या हातानं घेऊन खाल्लं."

आईचा हात बरणीत तसाच राहिला. मम्मीसा ओट्याशी उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. मग आई एकदम भानावर आली. तिनं मीठ दिलं, आणि त्याच्याबरोबर तांब्या आणि पेला माझ्या हातात ठेवला. "पानीबी ने. तिखट असन थे."

बापूसा ते पाणी प्यायले. ती बाटली स्कूटरच्या डिकीतच राहिली.

सकाळी ती रीत होती की दुसरं काही, हे मी आजवर कधी विचारलं नाही. आधी भीती वाटायची म्हणून, आता गरज वाटत नाही म्हणून. कदाचित त्यांनाही दोन्ही वेगळं करून सांगता येणार नाही. आचाऱ्याला चव घ्यावीच लागते, असं ते हसत म्हणतील, आणि मी ते मान्य करीन.

पाऊस थांबल्यावर लोक यायला लागले. बाबांचे रेल्वेतले मित्र, दादाच्या कंपनीतली पोरं, दुर्गापुऱ्याची दोन मराठी कुटुंबं. बरगड्या परातींतून आल्या, काळपट-लाल, कडा कुरकुरीत, आणि आतून इतक्या मऊ की पोरांनीही हाडं चोखून टाकली. लोक जेवत होते, पण बापूसा अंगणातच उभे होते. दादानं जवळ जाऊन म्हटलं, "अंदर चलिए ना। बच्ची को देखने।"

ते म्हणाले, "नहीं। कपड़ों में धुआँ है मेरे। डॉक्टर ने मना किया है ना?" ते त्यांना माहीत होतं. मम्मीसांनी घरी जाऊन सगळं सांगितलं होतं, आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

बाबा आत गेले आणि आपला धुतलेला सदरा आणि तपकिरी स्वेटर घेऊन आले. बापूसांनी मोरीत तोंड, हात, अगदी कोपरांपर्यंत साबणानं धुतले. केसांना पाणी लावलं. बाबांचा सदरा त्यांना खांद्यात घट्ट झाला आणि पोटात सैल. असे ते मागच्या खोलीच्या दारात उभे राहिले. वहिनीनं मान वर केली. तिनं बाळ उचललं आणि त्यांच्या हातात दिलं.

इतका ताठ माणूस, पण बाळ हातात आल्यावर त्याची पाठ वाकली. ते तिला नुसतं बघत होते. मग म्हणाले, "साँस तो पूरी लेती है।" वहिनी म्हणाली, "हाँ बापूसा। पूरी लेती है।"

दिवे लागले, पाहुणे पांगले. आम्ही घरातले आणि बापूसा-मम्मीसा एवढेच राहिलो. मम्मीसांच्या मांडीवर ओवी होती. आईनं ताट वाढलं आणि वहिनीच्या पुढ्यात ठेवलं. हॉस्पिटलच्या त्या सगळ्या दिवसांत मी तिच्यासाठी डबा न्यायची आणि बहुतेक तसाच परत आणायची. एक पोळी, तीही आई समोर बसली तर. आता तिनं एक बरगडी घेतली. मग दुसरी. भाकरी मोडली, चटणी लावली, आणि परत परातीकडे हात केला. हाताची बोटं, हनुवटी, सगळं मसाल्यानं माखलेलं. दादा, बाबा, बापूसा, आई, सगळे तिच्याकडे बघत होतो आणि बघत नाही असं दाखवत होतो. ताटाच्या कडेला हाडांचा ढीग वाढत गेला. तिनं एकदा मान वर केली, आमचे चेहरे बघितले, आणि भरल्या तोंडानं विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," आई म्हणाली. "खाय तू. अजून हाये."